ओलं वजन

चुन्याच्या रेघा मारायला घेतल्या की समजायचं, विद्यापीठाला खेळाची आठवण झाली. परवा सायकलवरून जाताना कुंपणाबाहेरून पाहिलं. वर्षभर ज्या सिमेंटवर स्कूटरी उभ्या असतात, शेंगदाण्याची फोलपटं उडतात आणि कुत्री ऊन खात पडतात, ते बास्केटबॉलचं कोर्ट झाडून घेतलं होतं. एक माणूस ओणवा होऊन डबड्यातून चुना ओतत होता. लोखंडी खांब तिरका तो तिरकाच. रिंगला जाळी नाही ती नाहीच. थंडी पडली, तुरीच्या शेंगा बाजारात आल्या, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा आली. आता थोडे आठवडे कॅम्प. तेवढ्यात गुणवत्ता शोधायची, घडवायची, बारा जणींत बसवायची आणि गाडीत चढवायची. परत आल्या की पुन्हा स्कूटरी.

मला ह्या दिवसांचा वास ओळखता येतो. दवाने गार पडलेलं सिमेंट. कॅनव्हासच्या बुटांना फासलेली ओली सफेदी. रबरी चेंडू, ज्याच्यावरचे दाणे झिजून त्याला टक्कल पडलेलं. सकाळच्या गारठ्यात तो दगडासारखा हातावर यायचा, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, आणि त्या चिरांत चुना गेला की डोळ्यांत पाणी. ह्या सगळ्यावर उकडलेल्या अंड्यांचा वास. नागपूरचा हिवाळा म्हटलं की लोकांना संत्री आठवतात, हुरडा आठवतो. मला अंडी आठवतात आणि डोकं फिरतं. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्यांचं त्या दिवसांत काही गेलं नाही, त्यांना गहिवर परवडतो.

चार-पाच वर्षांपूर्वीचा हिवाळा. मी संघात होते ते धावता येतं आणि ओरडता येतं एवढ्यावर. खरी खेळाडू होती पुष्पा.

पुष्पा कोष्ट्यांची. वडील मूळचे उमरेडचे, गोळीबार चौकामागच्या गल्लीत दोन खोल्या. एका खोलीत माग, दुसरीत माणसं. माग खड्ड्याचा, म्हणजे विणणाऱ्याने पाय खड्ड्यात सोडून जमिनीलगत बसायचं. घरातल्या सगळ्यांचे पाय त्या खड्ड्यात मावायचे, पुष्पाचे मावायचे नाहीत. गुडघे वर यायचे आणि मागाच्या तुळईला लागायचे. घरात तिच्या उंचीचा उपयोग एकच, वरच्या फळीवरचा डबा काढणे. आम्ही मुली तिला तुराटी, म्हणजे तुरीची लांब काडी, म्हणायचो. कुणीतरी रोज विचारायचंच, "काहून वं तुराटी, वर हवा कशी आहे?" ती खाली न बघता म्हणायची, "चांगली आहे. तुयासारखे बुटके नाही ना इकडं."

आमच्या सरांनी तिला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाहिलं. ती स्टेजवर पताका बांधत होती, स्टुलाशिवाय. सर रेल्वेच्या संघातून खेळून गुडघा घालवून बसलेले. बोलायचे निम्मं हिंदी. दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी जाऊन बसले. पोरगी बारा जणींत आली तर विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती मिळेल, फी माफ होईल, असं त्यांनी तिच्या वडिलांना समजावलं. वडिलांनी मागावरून मान वर न करता सांगितलं की फी लागत नसेल तर शिकू दे, लागत असेल तर जूनपासून घरी बसेल. म्हणजे सौदा सरळ होता. बारात नाव, तर कॉलेज. नाव नाही, तर घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणं.

आता हे वाक्य पुन्हा वाचा आणि सांगा, ह्याला शिष्यवृत्ती म्हणायचं की शर्यत? पोटभर खाऊन, बूट घालून, मैदानावर वाढलेल्या मुलीला ती बक्षीस असते. पुष्पासारखीला ती दाराची कडी असते. आणि कडी अशा उंचीवर बसवलेली की आधी उडी मारून दाखव, मग उडी मारायची ताकद देऊ.

ती खेळायची कशी, हे मला नीट सांगता येत नाही. मागावर आडव्या सुताचा धोटा फेकणारा माणूस धोट्याकडे बघत नाही. हात फेकतो, दुसऱ्या बाजूला तो आलेला असतोच. पुष्पाचे पास तसे यायचे. ती बघायची एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि तिथे मी असायचे. मी तिथे असणार हे मला कळायच्या आधी तिला कळलेलं असायचं. रिंगवर आपटून परतलेला चेंडू ती झाडावरचं फळ घ्यावं तसा घ्यायची. सर शिट्टी तोंडात धरून नुसते उभे राहायचे. एकदा म्हणाले, "इसको दो साल मिल गए ना, तर हिले कोणी रोकू शकत नाही." दोन वर्षं. त्यांनी काय मागितलं होतं बघा. फार नव्हतं.

त्या वर्षी मुलींच्या कॅम्पला पहिल्यांदा आहार मंजूर झाला. दूध, केळं आणि उकडलेली अंडी. तो मिळवला आमच्या मॅनेजरबाईंनी. बाई गृहशास्त्राच्या प्राध्यापिका, पुण्याच्या, नीटस, स्वेटरला स्वतः विणलेली किनार. विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तो मंजूर करून घेतला होता, हे मला मान्य आहे. बाई वाईट नव्हत्या. माझा राग तिथेच अडकतो; वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

आहार मिळाला आणि त्याच्यामागून संशय आला. मुली अंडी घरी नेतील, असं वर कोणीतरी म्हणालं. म्हणून समोर बसून खायचं. अंड्याची टरफलं टोपलीत टाकायची, बाई टोपलीत बघायच्या. ह्यावरही समाधान होईना तेव्हा वजनाचं ठरलं. कॅम्पच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीचं वजन, शेवटच्या दिवशी पुन्हा वजन. ज्या मुलीचं वाढलं नाही तिने आहार खाल्ला नाही असं धरायचं, आणि जिने आहार खाल्ला नाही तिचा संघासाठी विचार करायचा नाही. गांधीबागेतल्या एका सूतवाल्याकडून मोठा काटा मागवला, लाकडी फळीचा, ज्याच्यावर गाठोडी तोलतात. हातगाडीवरून तो आला. आम्ही एकेक चढलो. बाई म्हणाल्या, "विद्यापीठ उद्या मला विचारेल, अंडी कुठे गेली? मी म्हणेन, इथे," आणि आमच्या दंडांकडे बोट दाखवलं.

पलीकडच्या कोर्टवर मुलांचा कॅम्प होता. त्यांनाही अंडी होती, आमच्यापेक्षा जास्त. त्यांना कोणी तोललं नाही. मुलगा खातो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. मुलगी कुणासाठी तरी राखून ठेवते, म्हणून तिच्यावर नजर. ह्यात एक भयंकर गोष्ट अशी की त्यांचा संशय खरा होता. आम्हाला तसंच तर वाढवलेलं असतं. आधी शिकवायचं की स्वतः मागाहून जेव, आणि मग मागाहून जेवली म्हणून काट्यावर चढवायचं.

पुष्पाची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पांढरीफटक पडलेली. डॉक्टरीणबाईंनी दूध, अंडी, पालेभाजी सांगितलेली. सांगायला काय जातं. घरात भाकर आणि वरण. पुष्पाकडे मात्र रोज सकाळी अंडी यायची. ती समोर बसून सोलायची, टरफलं टोपलीत टाकायची, तोंड हलवायची, आणि सोललेलं अंडं तिच्या लाल स्वेटरच्या बाहीत गेलेलं असायचं. धोट्याचा हात. बाई टोपलीत टरफलं मोजायच्या आणि खूश व्हायच्या. मला कळलं ते एकदा तिच्या रुमालात बघून. अंड्याला लाल लोकर चिकटली होती. मी म्हटलं, हे असं कसं खाईल ताई? ती म्हणाली, "धुऊन देतो नं वं. तिले सांगतलं का कॅम्पात उरतात." केळंही तसंच जायचं. दूध तेवढं लपवता येत नव्हतं, तेवढं ती प्यायची. आणि धावायची आमच्या सगळ्यांच्या दुप्पट.

ह्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या चुलतबहिणीने मला विचारलं की तुम्ही तेव्हा हे कुणाला सांगितलं का नाही. कुणाला? ज्याच्या हातात टोपली होती त्याला? चोरी कुणी कुणाची केली, हे ज्यांना मुळात ठरवताच येत नव्हतं, त्यांच्यापुढे साक्ष द्यायची?

शेवटच्या दिवशी सकाळी वजन होतं आणि दुपारी निवड-सामना. मी पोचले तेव्हा पुष्पा नळावर होती. ओंजळ लावून पाणी पीत होती. थंडी अशी की नळाला हात लावला की झोंबत होता. मी शूज बांधले, ती पीत होती. मी कोर्टला फेरी मारून आले, ती पीत होती. तोंड पुसत म्हणाली, आज लय तहान लागून राहिली. मला हसू आलं. पुष्पाला तहान म्हणजे विहीर लागायची, असं काहीतरी मी म्हटलंसुद्धा.

काट्यावर ती चढली तेव्हा ताठ उभी राहिली, श्वास धरून. काटा खाली गेला. बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बघा. हिच्या अंगी लागलं." पुष्पा उतरली ती हळू उतरली, भरलेला हंडा उतरवावा तशी.

इतक्यात निवड समितीचे लोक आले. त्यांतल्या एकाला दुपारची गाडी होती, म्हणून सामना आत्ताच. कुणाच्या तरी गाडीच्या वेळेवर आमच्याकडे माणसांची आयुष्यं लागतात, हे काही नवं नाही. सरांनी शिट्टी वाजवली. पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही.

पहिला चेंडू तिने घेतला. रिंगवरून परतलेला, दोघींच्या डोक्यावरून, नेहमीसारखा. समितीतला एक जण पुढे वाकला. दुसऱ्यांदा उडी मारली तेव्हा ती खाली आली ती पोट धरून. सरांनी विचारलं, काय झालं? तिने मानेनेच काही नाही म्हटलं आणि धावली. तिसऱ्यांदा मध्यरेषेवर थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि ओकली.

नुसतं पाणी. त्यात काही नव्हतं. स्वच्छ पाणी, आणि थांबेना. सिमेंटच्या उताराने ते वाहत गेलं आणि चुन्याची रेघ घेऊन गेलं. पलीकडच्या कोर्टवरची मुलं हसली. समितीतल्या एकाने पाय मागे घेतला.

सर धावले. "सुबह से कुछ खाया नहीं क्या?" उत्तर जमिनीवर होतं. बाई जवळ आल्या, त्या पाण्याकडे बघत राहिल्या. त्या गृहशास्त्राच्या, त्यांना समजायला वेळ लागला नाही. हळू आवाजात, जवळजवळ दुःखाने म्हणाल्या, "म्हणजे वजन पाण्याचं होतं."

सरांनी रदबदली केली. मॅडम, हाइट देखो, हात देखो, ऐसी लड़की फिर नहीं आएगी. बाई म्हणाल्या की उंची त्यांनाही दिसते, पण एका मुलीचं खोटं चालवून घेतलं तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने आहार मागायचा. समितीच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि तब्येत नाजूक दिसते असं म्हणाला. एवढंच. संध्याकाळी बारा नावं लागली. माझं होतं.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. पिशवीत, आम्ही काही मुली जे पत्रक काढणार होतो त्याचा मजकूर होता. शीर्षक मोठ्या अक्षरांत: काटा हटवा. पुष्पाचं नाव घालायचं होतं, तिची हकीकत घालायची होती. खोलीत अंधार, मागाचा खटखट आवाज, सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास. पुष्पा चरख्यावर कांड्या भरत होती. ताई बाळंत झाली होती. आतून बाळाचं रडणं आणि शेगडीचा धूर. वडील खड्ड्यात बसून विणत होते. मी सगळं सांगितलं, कारण पुष्पाने घरी फक्त निवड झाली नाही एवढंच सांगितलं होतं. अंडी सोडून बाकीचं सांगितलं. काटा, पाणी, ओकारी.

वडिलांचा माग चालूच होता. त्याच लयीत त्यांनी विचारलं, "पानी पेऊन काट्यावर चढाची अक्कल कोनं देल्ली तुले?"

पुष्पा म्हणाली, "तुमीच."

माग थांबला.

मला समजेना. मग तिच्या आईने सांगितलं, माझ्याकडे न बघता. गांधीबागेतला सूतवाला सूत तोलून देतो आणि लुगडं तोलून घेतो. मधल्या मध्ये धागा तुटतो, उंदीर नेतो, कधी घरात दाणा नसला की एखादी लडी विकावी लागते. वजन कमी भरलं तर पुढचं सूत मिळत नाही. म्हणून नेण्याआधी रात्री लुगड्यावर पाणी शिंपडायचं आणि दडपून ठेवायचं. सकाळी काट्यावर ते भरतं. सगळे कोष्टी करतात. सूतवाल्यालाही माहीत असतं. ज्या दिवशी त्याचं डोकं फिरतं त्या दिवशी तो लुगडं आधी उन्हात टाकतो आणि मग तोलतो. पुष्पा लहानपणापासून हे शिंपडत आली होती. तसलाच काटा तिला विद्यापीठात दिसला. कमी भरणाऱ्या वजनाचं काय करायचं असतं, हे तिच्या घरात सगळ्यांना येत होतं.

वडिलांनी विणलेल्या कापडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "कापडात पानी मुरते, पोरी. मानसात नाई मुरत." आणि पाय पुन्हा खाली दाबला.

मी पत्रक काढलं. पुष्पा मला अंगणात घेऊन गेली. म्हणाली, "माहं नाव नको टाकू वं. ताईच्या सासरी कळंन, का बाळंतपनाले चोरीचे अंडे खाल्ले. मंग तिले जिंदगीभर आयकाव लागंन." मी म्हटलं चोरी कसली, तुझ्याच वाटणीची ती. ती म्हणाली, हे तुझ्या पत्रकात चालते, सासरी नाही चालत.

निघताना ताईने बाळ दाखवलं. चांगलं होतं. गुटगुटीत, मुठी आवळलेलं. ताईच्या ओठांना रंग आला होता. इथे कुणीही म्हणेल, पाहा, पुष्पाचं वजन वाया गेलं नाही, ते ह्या बाळात आलं. असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर मला पत्रक मारावंसं वाटतं. बाळंतिणीला अंडं हवं आणि खेळाडूला अंडं हवं, ह्या दोन साध्या गोष्टी आहेत. त्यांतली एक निवडायला लावायची आणि निवडली की त्याला त्याग म्हणून हार घालायचा, ही आपली जुनी लबाडी आहे. त्या मुलीला त्याग करायचा नव्हता. तिला खेळायचं होतं.

आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. रिंगवरून परतलेले चेंडू घ्यायला कोणी नव्हतं. मी खाली उभी राहून नुसती वर बघत होते. पत्रक निघालं, "एका खेळाडूची" हकीकत म्हणून. स्टेन्सिलचा निळा रंग हातांना लागला. आम्ही फाटकावर वाटलं, घोषणा दिल्या, मोर्चा नेला. आणि जिंकलो. पुढच्या वर्षी काटा आला नाही. आहारही आला नाही. वरून कळवलं गेलं की अशा वादग्रस्त गोष्टीत विद्यापीठाला पडायचं नाही. मुलांचा आहार चालू राहिला, त्यात वाद नव्हता. बाईंनी मॅनेजरपद सोडलं. सर अजून शिट्टी वाजवतात. उंच मुलगी दिसली की तिच्या घरी जाऊन बसत नाहीत आता.

पुष्पा जूनमध्ये घरी बसली, ठरल्याप्रमाणे.

परवा कोर्टवर चुना पाहिला आणि सायकल आपोआप गोळीबार चौकाकडे वळली. ती चरख्यापाशीच होती. वडिलांचा माग बंद पडला आहे, आता ती पॉवरलूमवाल्याच्या कांड्या भरते. बसलेली असली की कुणाला कळतही नाही ती किती उंच आहे. मी सांगितलं, कॅम्प सुरू होतोय, चल बघायला. ती म्हणाली, काहून? मग थोड्या वेळाने, हात न थांबवता विचारलं, "आता वजन करतात का वं?"

"नाही. बंद केलं. आपण बंद करायला लावलं."

"बरं झालं. अन् अंडे?"

"तेही बंद."

चरखा थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग पोट्ट्या काय खाऊन खेळून राहिल्या?"

ती वाट बघत होती.